दुखत नाही म्हणणाऱ्यांची तिपाई

मी एक जुनी तिपाई आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. बसू नये असंच ते आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलं, माझ्या पाठीवर घडलं म्हणा हवं तर, तरी माझा स्वतःचाच अजून पुरता बसलेला नाही. माझा एक पाय हलतो ना, तो वयाने नव्हे मित्रांनो, त्या धक्क्याने.

या. व्हायोलिनच्या पेट्या भिंतीला लावा आणि खाली सतरंजीवर बसा. माझ्यावर कोणी बसू नका, आज मी बोलणार आहे. तुमच्या माना अवघडल्या म्हणून संगीतशाळेतल्या बाईंनी तुम्हाला लेम्पीआजीकडे धाडलंय, हे मला ठाऊक आहे. आजी आत कॉफी करतेय. तिची कॉफी एकदा उतू गेल्याशिवाय होत नाही, तोवर माझं सांगून होईल. तिला माझं बोलणं ऐकू येतं असं गावात म्हणतात. ती कधी कबूल करत नाही. तरी जरा हळूच सांगते.

माझा जन्म आमच्या हाउकिला गावच्या नदीकाठी, एका बर्चच्या झाडात झाला. ते साधंसुधं झाड नव्हतं. सगळा हिवाळा एका कुशीवर झोपून काढलेलं एक अस्वल बर्फ वितळलं की यायचं आणि आखडलेली मान माझ्या बुंध्यावर घासत बसायचं. आधी हलके, मग जोरात, मग पुन्हा हलके. मान सुटली की डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, एकदा शिंकायचं आणि जायचं. म्हणजे मान मोकळी करण्याचा हा धंदा मी जन्माच्याही आधीपासून करते आहे. हसा, खुशाल हसा. झाड पाडलं तेव्हा सालीत अस्वलाचे केस निघाले होते. हिल्माचे, म्हणजे माझ्या पुढच्या मालकिणीचे, वडील सांगायचे, आणि ते चर्चचे बाक बनवणारे सुतार, ते कशाला खोटं बोलतील.

त्यांनी मला केलं ते गाईंची धार काढताना बसायला. गोठ्याची जमीन खडबडीत, चार पायांचं आसन तिथे डुगडुगतं. तीन पायांचं कुठेही घट्ट उभं राहतं. एकही खिळा न वापरता, नुसत्या लाकडी खुंट्या ठोकून त्यांनी मला जोडलं. पाय टेकवायला खाली एक आडवी पट्टीही दिली. फक्त एका सांध्यात त्यांच्या हातून ओली खुंटी बसली. ती वाळली, आकसली, आणि तेव्हापासून वर बसलेल्या माणसाने अंग आवळून धरलं की मी करकरते. सैल बसला तर गप्प. माझ्यात दोष म्हणाल तर एवढा एकच, आणि पुढची सगळी गोष्ट त्याच दोषावर उभी आहे.

वडील गेले आणि हिल्माने मला गोठ्यातून उचलून सौनाच्या बाहेरच्या खोलीत आणलं. हिल्मा हाडवैदीण होती. वाफेत अंग शेकून माणसं बाहेर आली, की ती त्यांना माझ्यावर बसवायची. मला वाटलं, आता कडाकडा आवाज ऐकायला मिळणार. शेजारच्या गावचा एक वैदू असाच होता, त्याच्या घरून येणाऱ्या किंकाळ्या नदीपलीकडे ऐकू जायच्या. पण हिल्माने पहिल्याच माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसती उभी राहिली. दाबेना, ओढेना, पिळेना. कणीक फुगली का बघताना बोट टेकवतात ना, तेवढाच भार. मग बोटं किंचित सरकली. पुन्हा थांबली. मी मनात म्हटलं, बाई झोपली की काय. आणि तेवढ्यात वरचा लाकूडतोड्या, रेड्यासारखा गडी, लांब श्वास सोडून माझ्यावर असा सैलावला की त्याचं वजन निम्मं झाल्यासारखं वाटलं. तो माझा पहिला धक्का.

हिल्मा म्हणायची, "अंगाला हुकूम सोडला की ते दार लावून घेतं. दारावर नुसती टकटक करावी, आणि उघडेपर्यंत उभं राहावं."

आमच्या गावात घरटी एक व्हायोलिन, त्यामुळे तिच्याकडे वादकांची रीघ. वर्षानुवर्षं मान डावीकडे झुकवून, हनुवटी लाकडावर दाबून वाजवायचं. पन्नाशी आली की मान तिकडेच राहते. त्यातलाच एक याल्मारी. लेम्पीआजीचा आजोबा तो.

आता हा याल्मारी कोण, ते नीट ऐका. आमच्या गावची रीत अशी, की लग्न लागलं की वरात चर्चपासून लग्नघरापर्यंत पायी जाते. सगळ्यांत पुढे वादक, आणि वादकांच्याही पुढे एक म्होरक्या. वाटेत नदीवर लाकडी पूल लागतो. तिथे म्होरक्या पाऊल न थांबवता, व्हायोलिनवरचा गज न थांबवता, उजव्या खांद्यावरून एकदा मागे बघतो आणि नवरीला मान डोलावतो. त्याने बघितल्याशिवाय नवरी पुलावर पाय ठेवत नाही. आणि वळवायची ती फक्त मान. अंग वळवलं तर त्याचा अर्थ, परत फिरा.

याल्मारी आमचा म्होरक्या होता, त्याच्याआधी त्याचा बाप. आणि याल्मारीची मान उजवीकडे वळेनाशी झाली.

हे त्याने कोणाला सांगितलं असेल? छे. आमच्याकडचे पुरुष आणि दगड यांत फरक एवढाच, की दगडावर शेवाळ लवकर चढतं. ट्रॅक्टर मागे घेताना त्याने शेजाऱ्याचं कुंपण पाडलं, तेव्हा म्हणाला, कुंपणच वाकडं होतं. पण त्या वसंतात एका लग्नात तो पुलाशी आला, मान वळवायला गेला, मान वळेना, आणि घाईत त्याने सगळं अंगच वळवलं. झालं. रीत म्हणजे रीत. मागची अख्खी वरात निमूटपणे वळली आणि चालत परत चर्चपाशी गेली. पाद्रीबुवा दाराला कुलूप लावत होते. त्यांनी वळून बघितलं तर नवरा, नवरी, पाहुणे, गाडीवरची पायपेटी, सगळे पुन्हा दारात उभे. नवरीची आई रडत होती.

त्याच उन्हाळ्यात लेम्पीचं लग्न ठरलेलं.

लेम्पीची आई ती लहान असतानाच गेली. बाप स्वीडनला कारखान्यात कामाला गेला तो तिकडचाच झाला. तिला वाढवलं याल्मारीने. लहानपणी ती बर्चच्या पानांचा मुकुट करून, पडद्याचं कापड अंगाभोवती गुंडाळून घरामागच्या चरावरच्या फळीवरून जायची, आणि पुढे हा बाबा व्हायोलिन वाजवत चालायचा. फळीशी आला की मागे बघून मान डोलवायचा. हा खेळ किती वर्षं चालला असेल, सांगता येत नाही. गायसुद्धा त्या सुरावर मागे यायला शिकली होती.

तर त्या उन्हाळ्यात एका शनिवारी सौना झाल्यावर याल्मारी माझ्यावर बसला होता. हिल्मा पाणी आणायला गेलेली. त्याच्यासोबत त्याचा मेहुणा ताउनो होता. ताउनोही वादक, दुसऱ्या रांगेतला. मोठा मायाळू माणूस, पण हात म्हणजे फावडी.

"दाजी," ताउनो म्हणाला, "लेम्पीच्या वरातीत मी पुढे चालू का? तुम्ही गाडीवर बसा, पायपेटीशेजारी. सावली असते तिथे."

"पायपेटीशेजारी पाहुण्यांच्या टोप्या ठेवतात," याल्मारी म्हणाला.

"मग मान तरी दाखवा. दुखते का?"

"दुखत नाही."

मी करकरले. ताउनोने माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"माझ्या घोड्याची अशीच धरली होती. एक झटका दिला, सुटली. बघू या?"

"बघ," म्हणाला हा शहाणा.

मित्रांनो, मी झाड असताना माझ्यावर वीज पडली आहे. करवत माझ्या आरपार गेली आहे. पण ताउनोने त्या दोन फावड्यांमध्ये याल्मारीचं डोकं धरून जो झटका दिला, त्याने माझ्या तिन्ही पायांच्या खुंट्या एकदम हादरल्या. खोलीत काडकन आवाज झाला. मला वाटलं मीच मोडले. याल्मारी ओरडला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून मिशीत गेलं, आणि मिशीतूनच तो म्हणाला, "दुखत नाही."

हिल्मा दारात आली होती. तिने बादली खाली ठेवली. ताउनोकडे बघितलं, मग टेबलावरच्या त्याच्या कॉफीच्या कपाकडे. त्याने आवडीचं चीज त्यात बुडवून ठेवलेलं होतं. तिने कप उचलला, बाहेर गेली आणि गवतावर ओतला. आमच्याकडे याहून कडक बोलणं नाही. ताउनो टोपी हातात घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी याल्मारीला व्हायोलिन हनुवटीखाली धरताही येईना. लेम्पीने त्याला बसमध्ये घालून शहरात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं. हाड शाबूत आहे म्हणाले, पण पुन्हा कोणाला झटका देऊ देऊ नका, सावकाश हलवत राहा. लेम्पी त्याला घेऊन सरळ हिल्माकडे आली.

"हिल्मामावशी, मध्यउन्हाळ्याला लग्न आहे. आजोबांनी पुलाशी मागे बघितलं नाही, तर मी पाय ठेवणार नाही. नवरदेवाला जाऊ दे एकट्याला पलीकडे."

"वेडी आहे ही पोर," याल्मारी जमिनीकडे बघत म्हणाला. तिच्याकडे बघायला त्याला मान वळवता येत नव्हती, म्हणून.

"बस तिपाईवर," हिल्मा म्हणाली.

आणि तिने काय करावं? त्याच्या पायाचा अंगठा धरला.

"अगं, मान माझी वर आहे," याल्मारी म्हणाला. "इतक्या वर्षांत तुला सापडली नाही होय?"

"वर जायची वाट खालून आहे. गप्प बस."

अंगठ्यावरून घोटा, घोट्यावरून गुडघा, मग कंबर, मग बरगड्या. रोज सौनानंतर ती अशी खालून वर यायची, दारोदार टकटक करत. खांद्यापर्यंत सगळं ठीक चालायचं. मग तिचे हात मानेशी यायचे, आणि ती विचारायची, "दुखतंय?"

"नाही."

मी करकरायचे.

"आता?"

"नाही."

पुन्हा मी. एके दिवशी हिल्मा थांबली. वाकून तिने माझ्या पायाकडे बघितलं. मग याल्मारीकडे. मला वाटलं, आता मला चुलीत घालते.

"याल्मारी, आजपासून तू बोलायचं नाहीस," ती म्हणाली. "दुखतं का ते मी तिपाईला विचारीन. दुखण्याच्या अलीकडे थांबायचं असतं मला, आणि तू मला रोज पलीकडे नेऊन सोडतोस. घरच्या हाडवैदिणीशी खोटं बोलणारा तूच पहिला नाहीस, सगळा गाव तसलाच आहे. ही एक तेवढी खरी बोलते."

असं कौतुक माझं आयुष्यात कोणी केलं नव्हतं. मी इतकी बावरले की कोणी न दाबताच करकरले.

त्यानंतर काम सुधारलं. मी करकरले की ती हात मागे घ्यायची, मी गप्प झाले की पुढे. दुखणं गेलं. पण मान काही वळेना. कुलूप निघालं आणि दार मात्र तसंच लागलेलं. ताउनोच्या झटक्याची धास्ती त्या मानेने अशी घेतली होती, की उजवीकडे जायचं नाव काढलं की सगळे स्नायू खांद्याला खांदा लावून आडवे उभे.

तेव्हा हिल्मा म्हणाली, "आता मान हलवायची नाही. हलते आहे असा नुसता विचार करायचा."

याल्मारी म्हणाला, "विचाराने गवत कापलं जातं का गं? मग मी उगीच कोयत्याला धार लावत आलो."

"डोळे मीट. एक घुबड आण डोळ्यांसमोर. फांदीवर बसलंय. डोकं वळवतंय."

"अंधार दिसतोय."

"बरं, तळं आण. होडी वळतेय."

"अंधारच आहे. डोळे मिटल्यावर दुसरं काय दिसणार? तुला काय दिसतं?"

तिला सगळं दिसायचं. ह्याला काही दिसायचं नाही. तो नाटक करत होता असं नव्हे, त्याच्या डोळ्यांमागे खरोखर काही नव्हतंच. रोज घुबड आणायचं, रोज ते उडून जायचं. लग्न जवळ आलं. घरोघर वेलदोड्याच्या पावांचा वास सुटला, लेम्पीच्या मुकुटाला चांदीच्या पानांची झालर लावून झाली. आणि एका संध्याकाळी, अर्थात आमच्याकडे त्या दिवसांत संध्याकाळ म्हणजे उजेडच, हिल्मा हात पुसत म्हणाली, "माझ्याच्याने होत नाही, याल्मारी. ताउनोला निरोप दे."

याल्मारी उठला नाही. तो म्हणाला, "दिलाय मी. सकाळीच."

मी करकरले नाही. अंगात आवळायचंही बळ नव्हतं त्याच्या. असला जड माणूस पुन्हा कधी माझ्यावर बसला नाही.

आणि त्याच वेळी उघड्या खिडकीतून व्हायोलिनचा आवाज आला. पुलापाशी ताउनो वरातीची चाल घोटत होता. मन लावून वाजवत होता बिचारा, पण लय पळवत होता. म्होरक्याची चाल त्याला कधी चालावी लागली नव्हती ना.

याल्मारीने नाक फेंदारलं. "कोंबड्या हाकतोय का हा?" आणि त्याचा पाय माझ्या खालच्या पट्टीवर पडला. ठक. मग थांबून, ठक. नवरीच्या पावलाने.

हिल्माचे हात त्याच्या खांद्यांवरून निघाले नव्हते. तिचा श्वास अडकल्याचं मला जमिनीतून कळलं. पाय पट्टीवर पडला की याल्मारीचे खांदे खाली येत होते.

"याल्मारी," ती अगदी हळू म्हणाली, "वाजवताना तुला काय दिसतं रे?"

"काही नाही. मी पुढे असतो. मागची पावलं ऐकू येतात."

"मग ऐक. घुबड राहू दे. लेम्पी कुठे आलीय?"

पाय पडत होता. ठक. ठक.

"चर्चच्या फाटकात. खडी वाजतेय."

"आता?"

"उतारावर. टाचा रुततायत तिच्या. नवे बूट आहेत."

"मुकुट?"

"किणकिणतोय."

"दिसतो का?"

"नाही. कसा दिसेल? माझ्या मागे आहे ना तो. उजव्या अंगाला."

"पूल आला, याल्मारी."

पाय थांबला. बाहेर ताउनोही तेवढ्यात थांबला असावा, कारण नदी ऐकू यायला लागली. हिल्माने दोन्ही हात त्याच्या अंगावरून उचलले आणि हवेत तसेच धरले. हे मी शपथेवर सांगते. कोणाचाही हात त्या मानेला लागलेला नव्हता. आणि ती मान वळली. आधी मिटल्या पापण्यांखाली डोळे गेले, मग हनुवटी, मग सगळं डोकं, सावकाश, उजवीकडे. मी खुंट्या आवळून वाट बघत होते, की आता करकरेन, आता करकरेन. माझ्यातून हूं की चूं निघालं नाही.

याल्मारीने डोळे उघडले. उजवीकडच्या भिंतीला टॉवेलाची खुंटी होती. त्या बाजूला त्याने किती दिवसांत बघितलं नव्हतं कुणास ठाऊक.

"ही खुंटी कधी ठोकलीस?" तो म्हणाला.

हिल्मा खाली जमिनीवर बसली. माझ्याशेजारीच, फतकल मारून. "माझ्या बापाने ठोकलीय," ती म्हणाली, आणि मग ती दोघं म्हातारी माणसं कितीतरी वेळ त्या खुंटीकडे बघत राहिली.

थांबा. वरातीचं सांगायच्या आधी एक विनंती करून घेते, कारण वरात सुरू झाली की तुमचं लक्ष माझ्याकडे राहणार नाही.

मुलांनो, तुमची व्हायोलिनं तुम्ही मऊ कापडाने पुसता, पेटीत मखमलीवर निजवता, थंडीत कोटाच्या आत धरून नेता. आणि ज्या मानेने ती धरता तिला काय देता? कोणी विचारलं, दुखतं का, तर तुम्हीही नाहीच म्हणता. तुमच्या अंगात याच गावचं रक्त आहे. नका म्हणू. दुखतं तेव्हा दुखतं म्हणा, आणि त्याच्या अलीकडे थांबा. कोणी झटका द्यायला आला तर त्याची कॉफी गवतावर ओता. थोडं वाजवा, थोडं थांबा, आणि थांबलेल्या वेळी नुसतं मनात वाजवा. आणि जमलं तर माझ्यासारख्या जुन्यांनाही विसरू नका. हिल्मा गेल्यावर मला गवताच्या कोठारात टाकलं होतं. किती हिवाळे मी तिथे काढले. माझ्यावर कोंबडी अंडी घालायची, आणि कोंबडी कधी अंग आवळून बसत नाही, त्यामुळे माझा आवाजच गेला होता. शेवटी लेम्पीने शोधून काढलं. धूळ फुंकली, माझ्यावर बसली, आणि मी जी करकरले, की ती तिथेच रडायला लागली. तेव्हा ती हिल्माचं काम शिकत होती. असो.

तर वरात. मी होते तिथे. पायपेटी वाजवणाऱ्याला बसायला गाडीवर काही नव्हतं, म्हणून मला नेलं, त्यामुळे मी उंचावर, सगळ्यांत चांगल्या जागी. पुढे याल्मारी. त्याच्या मागे ताउनो आणि बाकीचे वादक. ताउनोनेच सकाळी येऊन त्याच्या हातात गज दिला होता आणि म्हणाला होता, "दाजी, तुमच्यापुढे चालायची मला सवय नाही, माझे पाय अडखळतात." त्यांच्या मागे मुकुट घातलेली लेम्पी आणि तिचा नवरा. उन्हात ती चांदीची पानं अशी किणकिणत होती, की पाखरं गोंधळून गप्प झाली.

पण मित्रांनो, याल्मारी फाटकातून निघाला तेव्हाच मला कळलं, की काहीतरी बिनसलंय. त्याचे खांदे कानांशी गेले होते. भीती. खोलीत जमलेलं रस्त्यावर जमेल का, ही भीती. माझ्यावर पायपेटीवाला बसला होता, पण मी करकरत होते ती याल्मारीसाठी.

पूल आला. त्याचा पाय पहिल्या फळीवर पडला. मान सरळ. दुसऱ्या फळीवर. मान सरळ. मागे लेम्पी पुलाच्या कडेशी थांबली. तिच्या मागे सगळी वरात थांबली. ताउनोने घसा खाकरला. याल्मारी एकटाच पुलावर पुढे चालला होता, वाजवत. आणि मग माझ्या लक्षात आलं, त्याने चाल हळू केलीय. पाय आपटत होता फळीवर. ठक. ठक. तो ऐकत होता. मागे पावलं नव्हती, नुसता मुकुट किणकिणत होता.

आणि वळली मान. अशी वळली म्हणता. उजव्या खांद्यावर आली, खांदा ओलांडून पाठीवर गेली, हनुवटी बरोबर मणक्यावर येऊन थांबली. घुबडासारखी. पुढे छाती, मागे तोंड, आणि गज चालूच. याल्मारी तसाच अख्खा पूल चालून गेला, सगळ्या वरातीकडे बघत, एकेका पाहुण्याला मान डोलवत. पाद्रीबुवांना असा धक्का बसला, की त्यांची टोपी नदीत पडली. घोडा गुडघ्यांवर बसला. आणि पलीकडच्या काठावर, मित्रांनो, एक अस्वल उभं होतं, आणि त्या अस्वलाने—

"खोटं."

लेम्पी दारात उभी होती. हातात कॉफीची किटली, झाकणाखालून उतू गेलेली.

"घुबड म्हणे," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "हनुवटी खांद्याला टेकलीसुद्धा नव्हती त्यांची. एवढी वळली." तिने अंगठा आणि बोट यांच्यात अंतर दाखवलं. त्यात जेमतेम एक जर्दाळू मावला असता. "मला त्यांचा एकच डोळा दिसला. आणि अर्धी मिशी."

सतरंजीवरची एक मुलगी मान चोळायची थांबली. "मग तुम्ही पाय ठेवलात, आजी?"

"तेवढ्यावरच ठेवला," लेम्पी म्हणाली. तिने किटली खाली ठेवली आणि खिडकीतून नदीकडे बघितलं. "तेवढं फळीवरच्या खेळातही पुरायचं."

मग ती माझ्याकडे वळली.

"आणि टोपीही नदीत पडली नव्हती."

"ती पडली होती," मी म्हणाले.

आणि माझ्यावर कोणीही बसलेलं नसताना, सगळ्या पोरांदेखत, मी करकरले.